सहा स्क्रूंचा उंबरठा

आस्गर भिंती मोजत नसे, माणसं मोजत असे. नगरपालिकेच्या कामावरच्या इतर सुतारांचा खाक्या वेगळा होता. कागदावर लिहिलेल्या उंचीवर आधाराचा दांडा ठोकायचा आणि पुढचं घर गाठायचं. आस्गर म्हणायचा, म्हातारं माणूस पडताना कागद धरत नाही. त्याच्या हातापायांचा जोर, कोपराची उंची, बसताना कुठे वळतं, सगळं बघून मग ड्रिलला हात घालायचा. या एका सवयीचा त्याला फार अभिमान होता.

ऑक्टोबरातल्या त्या बुधवारी तो डेन्मार्कमधल्या लिमफ्योर्ड या खाडीच्या काठावर राग्नहिल्ड क्येर नावाच्या बाईच्या घरी आला. या भागात बदली होऊन त्याला दोनच महिने झाले होते, त्यामुळे गावातलं कोणी ओळखीचं नव्हतं. बाई ब्याऐंशी वर्षांची. खुब्याचं हाड मोडून सहा आठवडे रुग्णालयात होती. आज तीन वाजता नगरपालिकेची थेरपिस्ट टोवे तिला चाचणीसाठी घरी आणणार होती. पलंग, बाथरूम, स्वयंपाकघर एवढी फेरी बाईनं चाकांचा वॉकर घेऊन एकटीनं केली, तर शुक्रवारपासून ती स्वतःच्या घरी राहणार. नाही जमलं, तर वृद्धाश्रम.

आदल्या दिवशी फोनवर त्यानं तिला ‘तुम्ही’ म्हटलं, तर ती उखडलीच. “तुम्ही काय? मी काय राणी आहे? ‘तू’ म्हण.” मग आवाज जरा खाली आणून म्हणाली, “हे बघ, या घरातून मला आडवीच न्यायची, उभी नाही. नीट काम कर. आणि बाथरूमचं तेवढं कागदाप्रमाणे कर. तिथे आपली अक्कल पाजळू नकोस.”

कागदावर शेवटी लिहिलेलं होतं: बाथरूमचा उंबरठा काढू नये. रहिवाशाची इच्छा.

म्हाताऱ्या माणसांच्या एकेक लहरी, म्हणून तो हसला. दाराशेजारच्या किल्लीच्या पेटीतून किल्ली काढून दार उघडलं. पुढच्या दाराचा उंबरठा काढून तिथे लाकडी उतार बसवला. मग बैठकीचा काढला, स्वयंपाकघराचा काढला, झोपायच्या खोलीचा काढला. वॉकर आता सुळकन फिरला असता. घरात कसलाच आवाज नव्हता. ओल्या लोकरीसारखा वास मात्र येत होता, आणि बाथरूमकडे जावं तसा तो वाढत होता.

बाथरूमचं दार ढकललं आणि तो दचकला. कमोडच्या झाकणावर एक म्हातारा बसला होता. अंगात राखाडी स्वेटर, पाय अनवाणी.

“माफ कर हं,” आस्गर म्हणाला. “घरात कोणी आहे हे मला सांगितलंच नाही.”

“उशीर केलास,” म्हातारा म्हणाला. “आठ वर्षं झाली.”

आस्गर मोठ्यानं हसला. नगरपालिकेच्या यादीत नाव लागायला किती वेळ लागतो हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक? नवराही घरात राहतो आणि कागदावर त्याचा उल्लेखसुद्धा नाही, याचंही त्याला नवल वाटलं नाही. कार्यालयानं याहून मोठ्या गोष्टी विसरलेल्या त्यानं पाहिल्या होत्या. कागदावर नुसता आकडा होता. इथे समोर जिवंत माणूस बसला होता. त्यानं टेप काढली.

म्हाताऱ्याचा उजवा हात मांडीवर लोळागोळा पडला होता. कोपर धरून उंची घेताना आस्गरच्या बोटांना गारठा लागला. बाथरूममधला हीटर बंद होता, त्याचाच असणार. म्हाताऱ्यासाठी त्यानं दांडे डावीकडे बसवले, कागदावरच्या आकड्यापेक्षा चांगले बारा सेंटिमीटर वर.

“धरून बघ.”

म्हाताऱ्यानं डावा हात टाकला. स्क्रू एकदाच करकरले, नवीन स्क्रू वजन घेतो तसे, आणि गप्प झाले. म्हातारा उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद बघून आस्गरला भरून आलं. याच क्षणासाठी तर तो ही नोकरी करत होता.

“आता उंबरठा,” म्हातारा म्हणाला.

“तो ठेवायला सांगितलाय.”

“मला... ओलांडता येत नाही.”

आस्गर वाकून बघत राहिला. उंबरठ्यावर आणखी एक फळी मारून तो दुप्पट उंच केलेला होता. दोन स्क्रू पुरले असते तिथे सहा, बोटाएवढे लांब, वेडेवाकडे, शिकाऊ हातानं घुसवलेले. चांगल्या पायाच्या माणसाचाही कपाळमोक्ष व्हायचा. त्यानं सहाही काढले आणि फळीसकट उंबरठा उचलला.

मग झोपायच्या खोलीत जाऊन पलंगाजवळचा दांडा बसवला, तोही डावीकडे. परत आला तेव्हा बाथरूम रिकामं होतं. हिंडायला लागला वाटतं, म्हणून त्याला बरंच वाटलं. फरशीवर ओलं दिसलं, तेवढं त्यानं पुसून घेतलं.

तीन वाजता टोवे राग्नहिल्डला घेऊन आली. बाई काटकुळी, पण ताठ. नवीन उतारावरून वॉकर ढकलत घरात शिरली आणि सुतारालाच दटावून म्हणाली, “बूट काढ की! घर आहे हे, गोठा नाही.” टोवे हसली. सगळं छान चाललं होतं. घरातल्या बोळात पाच पावलं टाकून राग्नहिल्ड थबकली. तिची नजर बाथरूमच्या दाराखाली खिळली होती.

“उंबरठा कुठाय?”

“काढला,” आस्गर म्हणाला. “आणि दांडे डावीकडे घेतले. तुझ्या नवऱ्याचा उजवा हात चालत नाही ना, त्यानंच मापं...”

“नवरा?” टोवे म्हणाली. “आस्गर, राग्नहिल्ड एकटी राहते.”

आस्गरनं माप घेतलं होतं. कोपर हातात धरून माप घेतलं होतं. तो भिंतीला टेकला.

राग्नहिल्ड मात्र त्याला वेडा म्हणाली नाही. “स्वेटर राखाडी होता?” तिनं विचारलं.

त्यानं होकारार्थी मान हलवली.

“विलाड्स. माझा नवरा.” ती वॉकरच्या बैठकीवर बसली. “आमचं भांडण झालं होतं. मी स्किव्हला बहिणीकडे निघून गेले, दोन रात्री. इकडे बाथरूममध्ये त्याची उजवी बाजू गेली. आतून सरपटत या दारापर्यंत आला, पण उंबरठा ओलांडता आला नाही. शेजाऱ्यांनी हाका ऐकल्या. त्यांना वाटलं, आम्ही भांडतोय. मी परतले तेव्हा तो गेलेला होता.” ती थांबली. “तेव्हापासून तो आत असतो. मी दिवसा जाते, दिवा लावते, खाली बघते. त्याला फक्त बाहेर यायचं असतं... ते सहा स्क्रू मी मारलेत.”

टोवेनं तिचा हात धरला. ती काहीतरी समजुतीचं बोलू लागली, पण राग्नहिल्डनं ऐकून घेतलं नाही.

“परत बसव,” ती आस्गरला म्हणाली. “आत्ता. फळीसकट.”

तो गुडघ्यावर बसला. पहिला स्क्रू त्याच्या हातून तीनदा पडला. त्यानं सहाही स्क्रू त्यांच्या जुन्याच भोकांत घट्ट पिळले. शेवटचा बसला तेव्हा राग्नहिल्डनं आठ वर्षांचा श्वास सोडावा तसा श्वास सोडला.

“बसवायच्या आधी आत बघितलंस ना?”

“बघितलं की. चांगलं निरखून.”

“होता ना... आत?”

“नाही. आत कोणी नव्हतं.”

बोलून गेल्यावर त्याला आपण काय बोललो ते कळलं. राग्नहिल्डचा चेहरा पांढराफटक पडला. आणि झोपायच्या खोलीतून स्क्रू करकरले, एकदाच, आणि गप्प झाले. आस्गरला आपल्या हातच्या स्क्रूचा आवाज ओळखायला वेळ लागला नाही. पलंगावरून कोणीतरी दांडा धरून उठलं होतं.

“टोवे,” राग्नहिल्ड अगदी हळू म्हणाली, “वृद्धाश्रमातली ती खोली... अजून रिकामी आहे का?”

“आहे.”

“मग चल. कपडे नकोत. काही नको.”

ती फेरी तिनं केलीच नाही. ज्या घरातून आडवी निघणार होती, त्यातून ती उभ्यानं, वॉकर फरपटत निघाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला ती थांबत नव्हती. आस्गर मागून येत होता. माझ्यामुळे, माझ्या शहाणपणामुळे, एवढंच त्याच्या डोक्यात घुमत होतं.

“तिथे सगळं सोयीचं आहे बघ,” टोवे तिला धीर देत होती. “मोठं बाथरूम, जागोजागी दांडे. आणि अख्ख्या इमारतीत एकही उंबरठा नाही.”

राग्नहिल्ड दारातून बाहेर पडणार, तोच मागून आस्गरची नजर खाली गेली. त्यानं सकाळी बसवलेल्या कोऱ्या उतारावर ओली पावलं उमटली होती. डावा पाय स्पष्ट, अनवाणी. उजव्याची नुसती फरपटत गेलेली रेघ. वॉकरची चाकं अजून त्यांवरून गेलेली नव्हती, म्हणजे ती पावलं राग्नहिल्डच्या आधीच बाहेर पडली होती. अंगणातून ती पावलं सरळ टोवेच्या गाडीपर्यंत गेली होती आणि मागच्या दारापाशी संपली होती.