उजव्या छातीवरची पदकं

ईडिथ टलॉकनं हातमोजे काढले, पुन्हा घातले, आणि मग एका दमात सांगून टाकलं.

"बाबांची पदकं चोरीला गेली. काल, अँझॅक दिनाच्या पहाटे, सगळं गाव युद्धात पडलेल्यांच्या स्मारकापाशी होतं तेव्हा. माझा चुलतभाऊ क्लाइव्ह म्हणतो, वॉलीनंच नेली. वॉलीनं आज संध्याकाळच्या गाडीनं घर सोडायचं, नाहीतर क्लाइव्ह पोलिसांना बोलावणार. चाळीस वर्षं राबलाय हो तो आमच्यासाठी! जाईल कुठं?"

मेलबर्नच्या त्या शिंप्यांच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर विनिफ्रेड टास्करचं ऑफिस होतं. दुसऱ्या महायुद्धात तिनं लष्करासाठी शत्रूचे गुप्त संदेश उलगडले होते, आता ती लोकांची कोडी उलगडत होती. तिचा मदतनीस बर्ट हॅगर्टी, निवृत्त पोलीस हवालदार, कोपऱ्यात चहाचं आधण ठेवत होता. त्याचा हात तिथंच थांबला.

"टलॉक म्हणजे मास्तर?"

"तुम्ही बाबांच्या पलटणीतले?" ईडिथचे डोळे भरून आले. "तेच तेवढे त्यांना मास्तर म्हणतात."

बर्टला एकदम सगळं आठवलं. रॉडरिक टलॉक हा बिरिंगा गावचा शाळामास्तर. पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा त्यानं फळा पुसला आणि गणवेश चढवला. त्याच्या मागोमाग गावची पोरं भरती झाली, ज्यांना त्यानं पाढे शिकवले होते तीच. तुर्कस्तानात गॅलिपोलीच्या कड्यांवर तो मेजर होता, फ्रान्सच्या चिखलात कर्नल. दुसऱ्या युद्धात जनरल होऊन त्यानं नव्या पोरांना तयार केलं. पण जुन्या माणसांसाठी तो मास्तरच राहिला. गोळे पडत असताना खंदकात उभा राहून "हॅगर्टी, शर्टाचं बटण!" म्हणून ओरडणारा. माणूस असा पुन्हा होणे नाही, असं बर्टचं ठाम मत होतं.

"वॉली डन्स्टन चोरी करेल?" तो म्हणाला. "कोंबडा अंडं घालेल एक वेळ."

"तुमचं मत नोंदवलं, बर्ट," विनिफ्रेड हसून म्हणाली. "आता कोट घाला. दहाची गाडी मिळेल."

गाडीत ईडिथनं सविस्तर सांगितलं. गेल्या हिवाळ्यातल्या आजारानं जनरल अंथरुणाला खिळले होते. यंदाचा अँझॅक दिन त्यांचा पहिलाच चुकलेला. ती आणि क्लाइव्ह पहाटेच्या प्रार्थनेला स्मारकापाशी गेले. परतताना क्लाइव्ह मोटार लावत होता आणि ती व्हरांड्यातून येत होती.

"बाबांच्या अभ्यासिकेत दिवा दिसला. खिडकीतून पाहिलं तर आत एक माणूस! लष्करी हॅट, लांब कोट, कॉलर वर. तोंड अंधारात. आणि छातीवर बाबांची पदकं. ह्या बाजूला." तिनं उजव्या छातीवर हात ठेवला.

"हॅटची वर वळवलेली कड कुठल्या बाजूला होती?"

ईडिथनं डोळे मिटले आणि उजव्या कानापाशी हात नेला. "इकडे. ह्याच बाजूला. कानाशी दिव्याचा उजेड होता म्हणून आठवतंय. मी किंचाळले, क्लाइव्हकडे धावले. आम्ही आत शिरलो तर खोली रिकामी, पेटी रिकामी, मागचं दार उघडं. हॅट आणि कोट सकाळी नेहमीच्या खुंटीवर होते."

"मोठा टापटिपीचा चोर," बर्ट पुटपुटला.

"आणि जनरलसाहेब?"

"त्यांच्या खोलीचं दार बंद होतं. डॉक्टर म्हणालेत, झोप मोडायची नाही, धक्का द्यायचा नाही. थोड्या वेळानं वॉली आला, म्हणाला, साहेब झोपलेत, मी चहा नेतो. त्यांना अजून कुणी काही सांगितलेलं नाही. पदकं गेली म्हटलं तर हाय खातील हो!"

बिरिंगाच्या स्टेशनवर क्लाइव्ह मोटार घेऊन आला होता. चाळिशीचा, चकचकीत बुटांचा माणूस.

"दोन आणि दोन चार इतकं सोपं आहे, मिस टास्कर," तो गाडी चालवता चालवता म्हणाला. "स्वतःची पदकं डाव्या छातीवर लावतात, दुसऱ्याची, मेलेल्या बापाची नाहीतर भावाची, उजव्या. शेंबडं पोरही सांगेल. उजव्या बाजूला लावली म्हणजे दुसऱ्याची लावली. म्हणजे चोर. आणि चोरीतही रीत पाळणारा जुना शिपाई या घराच्या आसपास एकच आहे. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच तो पहाटेच्या प्रार्थनेला आला नाही. कुठं होतास म्हटलं तर तोंड उघडत नाही."

"तुमचं त्याच्याशी वाकडं आहे?"

"वाकडं कसलं? पण काकांना आता मेलबर्नच्या शुश्रूषागृहात हलवायला हवं. मी जागाही बघून ठेवलीय. वॉली ईडिथला फितवतो."

"बाबांचं डोकं ठिकाणावर आहे तोवर मी त्यांना कुठंही पाठवणार नाही," ईडिथ तडकून म्हणाली. "आणि मला फितवायला मी कुकुलं बाळ नाही."

जनरलांच्या अभ्यासिकेच्या दारातच बर्ट थबकला. भिंतीवर पलटणीचा फोटो होता. मागच्या रांगेत तो स्वतः, कान बाहेर आलेला पोरगेला शिपाई. शेजारी वॉली, आणि वॉलीच्या खांद्यावर हात टाकून हसणारा त्याचा धाकटा भाऊ जेम. वीटभट्टीच्या टेकडीवर जेम गेला तेव्हा बर्ट त्याच्यापासून हाकेच्या अंतरावर होता.

विनिफ्रेड मात्र खोलीत फिरत होती. पदकांची पेटी खिडकीच्याच भिंतीला लागून, पुस्तकांच्या उंच कपाटाआड होती. समोरच्या कोपऱ्यात पुरुषभर उंचीचा आरसा तिरका उभा होता. जवळच्या खुर्चीवर एक पांढरी चादर चौकोनी घडी करून ठेवलेली होती, कडेला कड जुळवून.

"ही चादर?"

"आरशावरची," ईडिथ म्हणाली. "आजारी पडल्यावर बाबांनीच झाकायला लावला. म्हणाले, ह्या म्हाताऱ्याला रोज कोण बघणार! काल कुणी काढली कोण जाणे. साफसफाईवालीनं असेल."

"ती अशी घडी घालते?"

"ती? ती कपडे नुसते कोंबते."

मागच्या ओसरीत जनरलांचे बूट होते, लखलखीत पॉलिश केलेले, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबलेले. विनिफ्रेडनं एक बोळा काढला, चाचपला आणि परत ठेवला. मागच्या दारापलीकडे गवताचं कुरण होतं. त्यापलीकडे जुन्या रस्त्यावर एल्म वृक्षांची दुहेरी रांग पिवळी पडून उभी होती.

"बाबांनी युद्धावरून आल्यावर लावली ती झाडं," ईडिथ म्हणाली. "गावातल्या परत न आलेल्या एकेका मुलामागे एक. पाट्या त्यांनीच रंगवल्या. नवा रस्ता झाल्यापासून तिकडे कुणी फिरकत नाही."

वॉली डन्स्टन परसातल्या त्याच्या खोलीत होता. ट्रंक बांधून दाराशी ठेवलेली. बर्टला पाहताच त्याचा सुरकुतलेला चेहरा फुलला.

"अरे, हॅगर्टी! मेला नाहीस अजून?"

"तुझ्या आधी कसा मरेन, लेका? तुझं देणं आहे ना एका तंबाखूच्या पुडीचं." बर्टनं त्याला मिठीच मारली. "वॉल्या, हे काय ऐकतोय? काल पहाटे होतास कुठं?"

वॉलीचा चेहरा मिटला. "चहा घेणार?"

"मी काय विचारतोय?"

"ऐकलं. चहा घेणार का?"

"जनरलसाहेब काल जागे कधी झाले, मिस्टर डन्स्टन?" विनिफ्रेडनं विचारलं.

"झोपलेच होते," वॉली पटकन म्हणाला. "गाढ. मी सांगतो ना. पोलीस बोलवायचे तर बोलवा, बाई. मी काही बोलणार नाही."

"त्यांचे बूट तुम्ही पुसता?"

"चाळीस वर्षं. रोज. त्यांनी घालोत, न घालोत."

बाहेर बर्टनं पाइप पेटवला. "बाई, तो काहीतरी लपवतोय. मला वाटलं नव्हतं..."

"लपवतोय खरंच," विनिफ्रेड म्हणाली. "तुम्ही त्याच्याबरोबर चहा प्या आणि जुन्या गोष्टी बोला. मी जरा पाय मोकळे करून येते."

ती परतली तेव्हा तिचे बूट चिखलानं माखले होते. तिनं सगळ्यांना अभ्यासिकेत बोलावलं. वॉली हॅट हातात धरून दाराशी उभा राहिला.

"बर्ट, तुम्ही कपाटाआड पेटीपाशी उभे राहा. जनरलसाहेबांची ही खुंटीवरची हॅट घाला, आणि ईडिथबाईंची ही ब्रोच कोटाला लावा. आपली पदकं लावता तशी."

बर्टनं सवयीनं ब्रोच डाव्या छातीवर लावली. हॅटची कड सगळ्या ऑस्ट्रेलियन हॅटांसारखी डाव्या बाजूलाच वर होती.

"आता तुम्ही सगळे माझ्याबरोबर व्हरांड्यात या."

खिडकीतून पाहताच ईडिथनं तोंडावर हात ठेवला. कपाटाआडचा बर्ट दिसत नव्हता. दिसत होता तो कोपऱ्यातल्या तिरक्या आरशातला. ब्रोच उजव्या छातीवर होती, आणि हॅटची कड उजव्या कानाशी वर!

"क्लाइव्ह, तुम्ही पदकांकडे पाहिलंत आणि तिथंच थांबलात," आत येऊन विनिफ्रेड म्हणाली. "आपल्याच देशातला माणूस ही चूक करेल. उजवी छाती म्हणजे दुसऱ्याची पदकं, हे तुमच्या हाडीमाशी खिळलंय. पण चोर पदकं कुठंही लावेल, हॅटची कड कशी बदलेल? ती डावीकडेच अडकवायची सोय असते. दोन्ही गोष्टी एकदम उलट्या झाल्या, तेव्हा माणूस उलटा नव्हता, आरसा होता. म्हणजे पदकं डाव्या छातीवर होती. ज्याची होती त्यानंच लावली होती."

"काका?" क्लाइव्ह ओरडला. "ते तर उठूही शकत नाहीत!"

"आरशावरची चादर काढून कोण घडी घालतं? कडेला कड जुळवून? चोर नाही. हॅट आणि कोट खुंटीवर कोण परत ठेवतं? आणि महिनोन् महिने न घातलेल्या बुटांत वर्तमानपत्र कुणी कोंबत नाही, बूट ओले झाले तरच कोंबतात. बोळे अजून दमट आहेत. मागचं दार उघडून जनरलसाहेब कुरण ओलांडून गेले. त्यांना एकटं सोडायला नको म्हणून मिस्टर डन्स्टन प्रार्थनेला गेले नव्हते. ते शोधायला निघाले, साहेबांना तिकडेच गाठलं, घेऊन आले, झोपवलं, बूट पुसले. आणि गप्प राहिले."

"पण का?" ईडिथ वॉलीकडे वळली. "वॉली, बोलला असतास तर ही वेळ आली नसती."

वॉलीनं खाली पाहिलं. "बोललो असतो तर क्लाइव्हसाहेब म्हणाले असते, म्हातारा भ्रमिष्ट झाला, पहाटे चिखलात हिंडतो. दुसऱ्या दिवशी मेलबर्न. मी काय, कुठंही पडून राहीन. मास्तर ह्या घराबाहेर आठ दिवस जगायचे नाहीत."

"सगळ्यांना विचारलंत," विनिफ्रेड हळूच म्हणाली, "फक्त ज्यांची पदकं होती त्यांना सोडून."

"मग विचारा की!"

दारात जनरल टलॉक उभे होते. रात्रीच्या पोशाखावर कोट, हातात काठी. अंग खंगलं होतं, पण आवाज तोच होता. बर्टची टाच आपोआप टाचेला लागली.

"हॅगर्टी. शर्टाचं बटण."

बर्टनं बटण लावलं, आणि त्याला रडूच कोसळलं.

"कोण कुणाला घराबाहेर काढतंय?" जनरलांनी विचारलं. क्लाइव्ह कान लाल करून गालिच्याकडे पाहत राहिला. जनरलांनी एकेकाचा चेहरा वाचला, वर्गात वाचत तसा, आणि त्यांना सगळं कळलं. "मला ठाऊक असतं तर काल दुपारीच हे मिटलं असतं. चला. पदकं कुठं आहेत ते दाखवतो."

क्लाइव्हनं न सांगता मोटार काढली. जुन्या रस्त्यावर पिवळ्या पानांचा खच पडला होता. एकेका झाडाच्या पाटीला एकेक पदक टाचलेलं होतं. जनरल काठी टेकत चालले, आणि पाटीकडे न बघता नावं घेत गेले. कोण गणितात कच्चा होता, कोण शाळा बुडवून मासे पकडायचा, कुणाची आई दाराशी येऊन भांडायची. बर्टला प्रत्येक जण जसाच्या तसा दिसत होता.

शेवटच्या झाडावर पांढरा क्रॉस होता, त्यांचा सगळ्यात मोठा मान. पाटीवर नाव होतं जेम डन्स्टन.

"वीटभट्टीच्या टेकडीसाठी मला हा दिला," जनरल म्हणाले. "तोफा उशिरा येणार हे मला माहीत होतं. वरून हुकूम आला, चढा. मी नाही म्हणायला हवं होतं. मी शिट्टी वाजवली. पोरं गेली, आणि राजानं मला क्रॉस लावला. इतकी वर्षं अँझॅक दिनाला मिरवला. यंदा वाटलं, आपल्याला पुढचा दिन दिसणार नाही, ज्याचं त्याला देऊन टाकावं."

वॉली पुढं झाला. कालही त्यानं तो क्रॉस इथं पाहिला होता, आणि तसाच ठेवला होता. आता त्यानं पिन सोडवली, क्रॉस बाहीला पुसला आणि जनरलांच्या तळहातावर ठेवला.

"जेमनं हा तंबाखूसाठी विकला असता, मास्तर. तुमच्याकडेच असू द्या."

जनरलांनी मूठ मिटली नाही. "वॉली, चाळीस वर्षांत एक गोष्ट विचारायचं धाडस झालं नाही. तुझा माझ्यावर राग होता?"

वॉलीनं जेमच्या पाटीवरचं एक पिवळं पान झटकलं.

"होता. परत आल्यावर दहा वर्षं होता. मारावं असं वाटायचं. मग मी तुमच्या चहात साखर घालायची सोडली."

"मला वाटायचं, तुला चहाच करता येत नाही!"

"दहा वर्षांनी राग गेला. पण तोवर तुम्हाला बिनसाखरेची सवय लागली होती. आता कशाला बदलायचं म्हटलं."

म्हातारे जनरल हसायला लागले. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळू लागलं आणि त्यांनी वॉलीच्या खांद्याचा आधार घेतला.

"चल घरी," ते म्हणाले. "आणि आज दोन चमचे घाल."