वाळूचे दोन ट्रक

‘धोकादायक पूल’ ही पाटी मी कठड्याला बांधत होते, तेवढ्यात खालून आवाज आला, "ओ मॅडम, धोका तुम्हाला लागू नाही का?"

वाकून पाहिलं. पिवळं हेल्मेट, हातात हातोडी आणि डोक्यावर आमच्या पुलाचं गंजकं पोट.

"मी नगरपालिकेची इंजिनिअर आहे."

"मग पुलाला सांगा तसं. घाबरून तरी उभा राहील."

मी हसले नाही. निदान खालून तसं दिसलं नसावं.

नवा पूल बसवणाऱ्या कंपनीचा माणूस. लोकांनी त्याचं नाव पाडलं फायबरवाला, कारण हा पूल फायबरचा – कारखान्यातून तयार यायचा, क्रेनने उचलून ठेवायचा. एकवीस दिवसांत काम खलास. एवढ्यात आमच्या ऑफिसात फाइल टेबल बदलत नाही. मला मात्र तेवढे पुरले.

पूल बंद, म्हणून बाबांना डायलिसिसला तासाभराच्या वळशाने न्यावं लागे. रिक्षात डोळे मिटून ते विचारत, "झाला का गं तुझा पूल?"

"होतोय, बाबा."

"आणि तो हेल्मेटवाला?"

"तो... तो फक्त पूल बांधतोय."

"बरं," म्हणत. डोळे मिटलेलेच.

शेवटी चाचणी. वाळूने भरलेले दोन ट्रक दिवसभर पुलावर उभे केले. पूल किती वाकला, ते खाली लावलेल्या काट्यावर वाचायचं. ट्रक काढले की पूल परत मूळ जागी यायला हवा. नाही आला तर चाचणी पुन्हा. आकडा वहीत लिहायचा मी.

ट्रक गेल्याच्या दुसऱ्या सकाळी आम्ही पुलाखाली, दोन पालथ्या बादल्यांवर. वर पाऊस. नव्या पुलातून थेंब गळेना. जुना असता, तर एका छत्रीत तरी बसावं लागलं असतं.

"बारा मिलिमीटर वाकला होता," तो म्हणाला. "आता उरलंय शून्य पूर्णांक दोन."

"म्हणजे पास."

"हो." त्याने बुटाने एक खडा सरकवला. "पाच लिहिता का?"

"काय?"

"पाच. चाचणी पुन्हा होईल. मला... आठ दिवस मिळतील."

"काय करणार आठ दिवसांत?"

"हेच. बादलीवर बसणार – तुम्ही बसणार असाल तर."

त्याचा पुढचा पूल दोन दिवसांच्या प्रवासावर होता. ‘माझ्याबरोबर चला’ म्हणाला नाही. बाबांचं त्याला ठाऊक होतं.

मागच्या खेपेला बाबांना रिक्षात उलटी झाली होती. त्यांनी रिक्षावाल्याची माफी मागितली होती.

मी ०.२ लिहिलं. वही त्याच्यापुढे धरली.

"बाबांची पुढची खेप कधी?" त्याने विचारलं.

"उद्या."

"मग आजच खुला करा," म्हणाला आणि सही केली.

दुसऱ्या दिवशी रिक्षा सरळ पुलावरून गेली. बाबांनी डोळे उघडले तेव्हा दवाखाना आला होता.

"अगं, पूल कधी गेला? कळलंच नाही."

"चांगला आहे, बाबा."

"आणि..."

"गेला."

उतरताना त्यांनी माझा हात जरा जास्त वेळ धरला.

कंपनीच्या पत्रकात लिहिलंय, या पुलाला पन्नास वर्षं दुरुस्ती लागत नाही. माणूस बोलवावा लागत नाही. तरी मी दर महिन्याला खाली जाऊन, बादली पालथी घालून, सगळे जोड नीट तपासते.

काही म्हणजे काही बिघडलेलं नसतं.