लाल गाडीचा दुपारचा ड्रायव्हर

“चोर असला तर फार बरं होईल,” दंतवैद्य म्हणाले. “नसला, तर माझी पंचाईत आहे.”

भाऊजींनी वहिनींकडे पाहिलं. थोरल्या भावाच्या पश्चात वहिनींनी घराच्या पुढच्या खोलीत खासगी चौकशीचं कार्यालय थाटलं, तेव्हापासून ते त्यांचे मदतनीस होते. त्याआधीची हयात विमा कंपनीत अपघातांची पाहणी करण्यात गेली होती, त्यामुळे कुठल्याही प्रकरणात त्यांना गुन्हेगार लगेच दिसत असे. तो बहुधा निर्दोष निघे. पण चोराची आतुरतेने वाट बघणारा अशील त्यांना नवीन होता.

डॉक्टर सत्तरीचे, विधुर, निवृत्त. निवृत्तीनंतर त्यांनी लाल स्पोर्ट्स कार घेतली होती. दोनच माणसांची, उघड्या टपाची. ती निवडायला त्यांना दोन वर्षं लागली. विक्रेत्यांनी रुपेरी दाखवली, राखाडी दाखवली, पांढरी तर फारच आग्रहाने दाखवली. पांढरं आयुष्यभर बघितलं, तेही पिवळं पडलेलं, असं म्हणून डॉक्टर उठले. शेवटी ही लाल गाडी दिसली. तिचा दरवाजा लागतानाचा आवाज त्यांनी पुन्हा पुन्हा ऐकला, आणि घेतली. आता रोज सकाळी एक फेरी. कुठे पोचायचं नसतं, म्हणूनच मजा येते, असं त्यांचं म्हणणं.

तक्रार अशी की अधूनमधून सकाळी बसायला जावं, तर गाडी आपण ठेवली तशी नसे. मीटरवरचा आकडाही वाढलेला वाटे. पण आधीचा आकडा आपल्याला नीट आठवतोय का, हाच तर प्रश्न होता.

“घरात विचारलं नाहीत?” वहिनींनी विचारलं.

डॉक्टरांनी चष्मा काढला आणि पुसत बसले. त्यांचे वडील याच वयात विसरायला लागले होते. सुरुवात अशीच झाली. स्वतः केलेली कामं कुणी परक्याने येऊन केली, असं त्यांना वाटे. ते पाहिल्यामुळे डॉक्टरांनी मुलीला शब्द दिला होता, की पहिलं लक्षण दिसलं की गाडी सोडेन. त्याप्रमाणे आज संध्याकाळी गाडी मेहुण्याच्या ताब्यात जायची होती. कारण कुणालाच सांगितलं नव्हतं. विकावीशी वाटली, एवढंच.

“गाडी गेली तर गेली,” ते म्हणाले. “पण माझं डोकं जाग्यावर आहे का, ते किल्ली देण्याआधी मला कळायला हवं.”

तिघं डॉक्टरांच्या घरी गेले. गॅरेज घराच्या कडेला होतं. घराच्या पुढच्या भागात दवाखाना, तो आता मुलगी चालवत होती. किल्ली मधल्या दारामागच्या खुंटीवर, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाताशी. डॉक्टर दुपारी कानातलं यंत्र काढून झोपत, म्हणजे शेजारी इमारत पाडली असती तरी त्यांना संध्याकाळीच कळलं असतं.

गाडी खरोखर देखणी होती. भाऊजींना आत बसावंसं वाटलं आणि त्यांनी ते तपासाच्या नावाखाली केलंही. बसताच ते घसरले. बटणांवर हलणारी सीट पार मागे होती, पार खाली होती, आणि पाठ मात्र शिक्षा केल्यासारखी ताठ. आरसा गॅरेजच्या छताकडे तोंड करून होता.

“काल सकाळी परत आलो तेव्हा असं नव्हतं,” डॉक्टर म्हणाले. “निदान मला तसं आठवतं.”

“सीट मागे, म्हणजे माणूस उंच,” भाऊजी वहिनींच्या कानाशी म्हणाले. “मेहुण्याला बघा.”

मेहुणा आला तो दारातून वाकूनच. इतका उंच माणूस भाऊजींनी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता. या वयात दाजींना ही गाडी शोभत नाही, केवळ त्यांच्यासाठी आपण हे ओझं घेतोय, असं सांगताना तो बॉनेटवरून हात फिरवत होता. वहिनींनी त्याला आत बसायला सांगितलं. दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. बसल्या बसल्या त्याने पाठ आरामखुर्चीसारखी मागे पाडली, आरसा ओढून घेतला, आणि उतरला तेव्हा सगळं तसंच टाकून उतरला. आपण गाडी कधी चालवली नाही, असं तो म्हणाला. दाजी किल्लीला हात लावू देत नाहीत, ही तक्रार त्याने दोनदा केली.

दवाखान्यातल्या मदतनीस मावशींना गाडीचं नाव काढताच घाम फुटला. डॉक्टरांनी एकदा त्यांना बसथांब्यापर्यंत सोडलं होतं. तो रस्ता कसा होता ते त्यांना सांगता येईना, कारण त्यांनी डोळे मिटलेले होते. स्वतः त्यांना सायकलही येत नव्हती.

मुलीकडे पेशंट होता. ती हात धुता धुता बोलायला लागली. पेशंट उठला तशी बोलता बोलताच तिने बटणं दाबून खुर्ची मागे नेली, खाली घेतली, पाठ सरळ केली, दिवा वर सारला आणि पुढचं नाव पुकारायला सांगितलं. कोपऱ्यात डॉक्टरांच्या काळातली, पायाने दाबून चालवायची खुर्ची पडून होती. तिच्यावर टॉवेलांचा ढीग होता.

“मी त्या गाडीत पाऊलही ठेवलेलं नाही,” ती म्हणाली. “घेताना दोन वर्षं भांडले बाबांशी. कानठळ्या बसवणारा आवाज, डोळ्यांत धूळ, तिसरा गिअर टाकायला गेलं की अडकणार, आणि सामान ठेवायला जागा म्हणाल तर रुमालापुरती. विकतायत ते बरंच आहे.” मग तिने एक स्वच्छ आरसा पुन्हा स्वच्छ केला. “अगदी आजच द्यायची असं काही नव्हतं म्हणा.”

संध्याकाळी सगळे जेवणाच्या टेबलाभोवती जमले. डॉक्टरांनी किल्ली समोर ठेवली होती. मेहुणा तिच्याकडे बघत होता आणि भाऊजी मेहुण्याकडे.

“गाडी दुपारी कुणीतरी नेतं,” वहिनी म्हणाल्या. “भाऊजींना वाटलं, उंच माणूस.”

मेहुणा ताठ झाला.

“पण उंच माणूस अशा गाडीत पाठ मागे पाडून बसतो. यांनी तेच केलं. पार मागे, पार खाली, पाठ ताठ आणि आरसा छताकडे, असं बसून कुणालाच चालवता येणार नाही. म्हणजे ती सीट चालवण्यासाठी लावलेली नव्हतीच. चालवून झाल्यावर लावलेली होती. चोर असता तर त्याने होती तशी करून ठेवली असती. आळशी असता तर तशीच टाकली असती. या माणसाने ती पुढच्या पेशंटसाठी तयार केली.”

मावशींनी तोंडावर हात ठेवला.

“मग तो मीच,” डॉक्टर हळू म्हणाले. “चाळीस वर्षं मी तेच केलंय.”

“पायाने केलंत, डॉक्टर. तुमची खुर्ची पायाची होती. बटणांची दवाखान्यात नंतर आली. तुमची सवय पायात आहे, हातात नाही. राहिलं कोण? मावशी आणि तुमची मुलगी. मावशींना चालवता येत नाही. आणि गाडीत पाऊल न ठेवलेल्या मुलीला ठाऊक आहे की तिसरा गिअर अडकतो. तुम्ही कुणाला सांगितलं होतंत?”

“कुणालाच नाही,” डॉक्टर म्हणाले. “दोन वर्षं निवडलेल्या गाडीत खोट आहे, हे कोण सांगेल?”

मुलगी टेबलाकडे बघत होती. एकदा आपली गाडी काढायची होती, म्हणून ही बाजूला घ्यायला गेले, ती म्हणाली. बाजूला घेता घेता धरणापर्यंत गेले. त्यानंतर जेव्हा जमेल तेव्हा, दुपारची. सीटचं वगैरे तिला खरंच कळलं नव्हतं. हात आपोआप चालत असणार.

“इतकं भांडल्यावर कुठल्या तोंडाने सांगणार होते, बाबा? पण तुम्ही का विकताय?”

डॉक्टरांनी तिला कारण सांगितलं. अगदी थोडक्यात, चष्मा पुसत.

ती उठली आणि खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी येऊन बसली. “आजोबांसारखं वाटलं तुम्हाला. माझ्यामुळे.”

“वाटलं. आता नाही वाटत.” डॉक्टरांनी किल्ली उचलली. “धरणाच्या वळणावर वेग किती असतो तुझा?”

तिने सांगितला.

“फार हळू घेतेस.”

“सगळेच काही तुमच्यासारखे नसतात.”

“मग गाडीचं काय ठरलं?” मेहुण्याने विचारलं. उत्तर द्यायला खोलीत घरचं कुणी नव्हतं. बाप-लेक गॅरेजकडे निघाले होते. वहिनींनी त्याला चहा पुढे केला. भाऊजींनी त्याची मनातल्या मनात माफी मागितली आणि खिडकीशी गेले.

मुलगी स्टिअरिंगमागे बसली होती. डॉक्टर दुसऱ्या बाजूने चढताना थोडे चाचपडले. बसले, आणि मान वळवून सगळीकडे बघायला लागले.

“अगं,” ते म्हणाले, “या बाजूने मी ही कधी पाहिलीच नव्हती.”

इंजिनाचा आवाज आला, आणि गाडी फाटकाबाहेर पडली.