सहा वर्षं अकरा महिने

आयुर्गणकाच्या काचेवर आकडा उमटला तेव्हा पद्मश्री मगदूम पाण्याची बाटली तोंडाला लावून उभ्या होत्या. सहा वर्षं, अकरा महिने. त्यांनी बाटली खाली ठेवली, चष्मा साडीच्या पदराला पुसायची जुनी सवय म्हणून सायकलच्या जर्सीलाच पुसला, आणि आकडा पुन्हा वाचला.

"म्हणजे यापुढं मी एवढीच वर्षं सायकल मारणार?"

"आपली प्रकृती फार उत्तम आहे मॅडम," डॉ. सौमित्र लेले म्हणाले. "आपल्या वयोगटात याहून मोठा आकडा मी कुणाचाच पाहिलेला नाही."

लेले शिरोलीच्या धातुवाटप केंद्राचे प्रमुख गणिती. वय चौतीस, पुण्याहून बदलून आलेले, स्वभावानं सरळ. कोल्हापूरच्या बायका स्वतःबद्दल बोलताना 'मी येतो, मी करतो' म्हणतात, एवढं त्यांच्या अंगवळणी पडलं होतं. पद्मश्रीबाईंशी मात्र पहिल्याच भेटीत त्यांचा अंदाज चुकला होता. आदरानं 'काकू' म्हणायला गेले आणि बाईंनी दारातच सुनावलं, "काकू घरात. हितं मगदूम."

केंद्राच्या मोठ्या टेबलावर तीन नळ्या ठेवल्या होत्या. दोन ॲल्युमिनियमच्या, एक टिटॅनियमची. पद्मश्रीबाईंनी तिसरी उचलली, नखानं टिचकी मारली आणि कान लावून ऐकलं. तीन टक्के ॲल्युमिनियम, अडीच टक्के व्हॅनेडियम, बाकी सगळं टिटॅनियम. त्यांना लेबल वाचायची गरज नव्हती. तीस वर्षं त्यांनी फौंड्रीत धातू तपासले होते. तपासले म्हणजे मोडले. धातूची काडी यंत्रात धरायची, ती तुटेपर्यंत हलवायची आणि किती हिसक्यांनंतर तुटली ते लिहायचं, हे त्यांचं काम.

टिटॅनियम आता असं सहज मिळत नव्हतं. समुद्राचं पाणी गोडं करणारे कारखाने आणि माणसांचे कृत्रिम सांधे यांतच बहुतेक खपून जाई. उरलेलं जिल्ह्याजिल्ह्याला वाटून येई, आणि त्यावर आयुर्मेळ कायद्याचा पहारा होता. कायदा एका ओळीत सांगता येण्याजोगा होता: वस्तूचं आयुष्य माणसाच्या वापरापेक्षा कमी नसावं, आणि उगाच जास्तही नसावं. साठीनंतर प्रत्येकाला सायकलची एकच फ्रेम मिळे. ती शेवटची.

"सात वर्षांची ॲल्युमिनियम फ्रेम आपल्याला तंतोतंत बसते," लेले म्हणाले. "हलकी आहे, वेगवान आहे. आपण टिटॅनियमसाठी एवढा हट्ट का धरताय, हे मला खरंच समजून घ्यायचंय."

"ॲल्युमिनियम मनात धरतं," बाई म्हणाल्या. "रस्त्यावरचा बारीकसा हिसका बसला तरी आत कुठंतरी केसाएवढी भेग सरकते. आज एक, उद्या एक. किती का हळू चालवा, एक दिवस ते तुटणारच."

"धातुथकवा."

"तेच. टिटॅनियमचं तसं नाही. त्याला एक सहनसीमा असते. तिच्या आतले हिसके त्याला लागतच नाहीत. लाख द्या, कोटी द्या. मी एक काडी सलग चौदा महिने यंत्रात हलवली होती. काडी नाही मोडली, यंत्राची मोटर जळाली. तेव्हाच ठरवलं, शेवटची सायकल हिचीच."

लेले हसले. "पण कधीच न मोडणारी वस्तू सात वर्षं वापरणाऱ्याला देणं म्हणजे धातूची नासाडी, असं कायदा म्हणतो."

"सात वर्षं कुणी ठरवली?"

"कुणी ठरवली नाहीत. आयुर्गणकानं मोजली." लेल्यांचा हा आवडीचा विषय होता. नोंदणीतल्या प्रत्येक फ्रेममध्ये पेडलच्या वरच्या बाजूला वाटाण्याएवढा चालमापक बसवलेला असतो. सायकल कधी निघाली, किती फिरली, सगळं तो केंद्राला कळवतो. साठीपुढच्या हजारावर माणसांच्या अशा नोंदी अठरा वर्षं साठत आल्या होत्या. चालमापक कायमचा गप्प झाला की त्या माणसाचं सायकल चालवणं संपलं. नव्या माणसाची प्रकृती त्या हजारांशी ताडून पाहायची, की आकडा तयार.

"मला त्या रेघा बघायच्यात," बाई म्हणाल्या.

लेल्यांनी काचेवर आलेख आणला. प्रत्येक माणसाची एक रेघ. काही रेघा दुसऱ्या वर्षी संपल्या होत्या, काही चौथ्या, काही पाचव्या. कुणाचे गुडघे गेले असतील, कुणी स्वतःच गेलं असेल. बाकीच्या आठशेच्या आसपास रेघा सरळ पुढं जात होत्या, आणि सहा वर्षं अकरा महिन्यांवर सगळ्या एकदम थांबत होत्या. विळीवर चिरल्यासारख्या.

पद्मश्रीबाईंनी त्या चिरलेल्या कडेवरून बोट वरून खालपर्यंत नेलं.

"लेलेसाहेब, एकाच भट्टीतल्या, एकाच दिवशी ओतलेल्या दहा काड्या मी मोडायला घेतल्या, तर त्या दहा ठिकाणी मोडतात. पहिली लाखावर, दुसरी दीड लाखावर. धातूचं हे, तर माणसांचं काय? पहिलवान आहेत, मास्तर आहेत, दम्याचे पेशंट आहेत. आठशे माणसं एकाच महिन्यात कशी काय थकतील?"

"आरोग्याची वरची मर्यादा असावी ती."

"सात वर्षांची फ्रेम परत करायची नोटीस कधी येते?"

"मुदतीच्या एक महिना आधी," लेले सहज म्हणाले, आणि त्यांचा कीबोर्डवरचा हात थांबला.

मनगटावरच्या फोनवर नंबर लावता लावता बाई लेल्यांना म्हणाल्या, "तुमच्या यादीत गजानन सासने बघा. काय लिहिलंय?"

"वय बहात्तर. सायकल चालवणं चार वर्षांपूर्वी बंद."

फोन लागला. आधी नुसता वारा ऐकू आला, मग धापा.

"सासनेसर, कुठं आहात?"

"पन्हाळ्याच्या चढावर हाय! आगं, चढावर फोन करायलीस होय? ठेव, दम लागलाय."

"कुठली सायकल सर?"

"माझी लोखंडी, कायद्याच्या आधीची. तुमच्या सरकारनं भारी फ्रेम काढून घेतल्यावर आणि कुठली असणार? वीस किलोचं धूड हाय नुसतं!" फोन बंद झाला.

लेले खुर्चीत बसले. चूक एवढी उघडी होती, की ती इतकी वर्षं दिसली नाही याचीच त्यांना लाज वाटली. जुन्या लोखंडी सायकलीत चालमापक नसतो. म्हणून ती चालवणारा माणूस यंत्राच्या लेखी घरी बसलेला. कायदा आला तेव्हा कुणाकडेच नोंदी नव्हत्या, म्हणून साठीपुढच्या सगळ्यांना अंदाजानं सात वर्षांची फ्रेम दिली गेली. सातवं वर्ष भरत आलं, नोटीस आली, फ्रेम गेली आणि आतला चालमापकही गेला. यंत्रानं ते पाहिलं आणि शिकलं, की माणसं सातव्या वर्षी थांबतात. अंदाजानं स्वतःचाच पुरावा तयार केला होता.

"आम्ही माणसांचं आयुष्य मोजतच नव्हतो," ते म्हणाले. "ॲल्युमिनियमचं मोजत होतो."

केंद्रातल्या एकालाही हे सुचलं नाही, कारण त्यांच्यातलं कुणीच सायकल चालवत नव्हतं. सगळे येत ते केंद्राच्या गाडीतून.

लेल्यांनी उठून दार लोटलं आणि आवाज खाली आणला. "मॅडम, आपल्यासाठी एक करता येईल. विशेष बाब म्हणून आपली फ्रेम मी टिटॅनियममध्ये आत्ता मंजूर करतो, तेवढा अधिकार मला आहे. जिल्ह्याला वर्षाला चाळीस फ्रेमपुरतं टिटॅनियम येतं. यंदाचं आलंय. पुढच्या महिन्यात आपली सायकल तयार होईल."

"आणि ही चूक?"

"ती दुरुस्त करायला अर्जदाराची हरकत लागते. आपण हरकत घेतली, तर सगळ्यांचीच गणना पुन्हा होईल. आणि मग यादी लागेल ती वयानं, मोठे आधी. आपण त्रेसष्ट वर्षांच्या. फार मागं जाल."

मोह झाला. खोटं कशाला सांगा, पद्मश्रीबाईंना जबरदस्त मोह झाला. नळी अजून हातातच होती. गार, करडी, रंगाची गरज नसलेली. हिची सायकल अंबा घाटात कशी चालेल ते त्यांना पायांत जाणवत होतं. तीस वर्षं वाट पाहिली होती. नुसतं 'बरं' म्हणायचं होतं.

त्यांना रझिया मुजावर आठवली. दर रविवारी त्यांच्या पुढं दहा हात असणारी, चढावर गप्पा मारणारी, त्यांच्याहून सहा वर्षांनी मोठी बाई. गेल्या वर्षी फ्रेम परत गेली आणि ती यायची बंद झाली. लोखंडी सायकल देतो म्हटलं तर नको म्हणाली. 'यंत्रानं सांगितलंय तर खरंच असणार, आपल्याला आतलं काय कळतंय,' म्हणाली. काहीही झालेलं नसताना ती जिना धरून उतरायला लागली होती. ते आठवलं आणि बाईंनी नळी टेबलावर ठेवली.

"हरकतीचा कागद काढा," त्या म्हणाल्या.

"मॅडम, पुन्हा एकदा विचार करा."

"केला. बाईमाणूस धडधाकट असताना तुमच्या आकड्यानं तिला म्हातारी केलीय. मी गपचूप सायकल घेऊन तिच्या दारावरनं जाऊ? काढा कागद."

त्यांनी सही केली. लेल्यांनी फ्रेमबरोबर थांबलेल्या सगळ्या रेघा नोंदीतून बाजूला काढल्या आणि आयुर्गणक पुन्हा चालवला. यंत्रानं नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतला. मग काचेवर दोनच शब्द आले: गणना अशक्य.

"बिघडलं?" बाईंनी विचारलं.

"नाही. पहिल्यांदाच खरं बोलतंय. धडधाकट माणसं कधी थांबतात, याची एकही नोंद त्याच्याकडं उरली नाही." लेले कायद्याचं कलम वाचत होते, आणि वाचता वाचता त्यांचा चेहरा बदलत गेला. "फ्रेमचं आयुष्य वापरापेक्षा कमी असता कामा नये, हे पहिलं. आता वापर किती ते आपल्याला माहीत नाही. मग ज्याचा शेवट ठाऊक आहे असा कुठलाच धातू देता येत नाही. ॲल्युमिनियम थकतं, लोखंड गंजतं. कायद्यात बसतो तो फक्त टिटॅनियम. आणि तो एकट्या आपल्याला नाही, साठीपुढच्या प्रत्येकाला."

"मग द्या की."

"देणार. द्यावंच लागेल." त्यांनी यादी लावली. नावं भराभरा वर सरकत गेली. सासने वरच्या पानावर होते, मुजावर त्यांच्या थोड्या खाली. मगदूम बऱ्याच वेळानं आल्या. "चारशे छत्तिसावा क्रमांक. वर्षाला चाळीस फ्रेम. अकरा वर्षं मॅडम. आपल्याला फ्रेम मिळेल तेव्हा आपण चौऱ्याहत्तर वर्षांच्या असाल. मधली काही माणसं गळाली तर कदाचित लवकर."

"कुणी गळणार नाही," बाई म्हणाल्या. "सगळ्यांना मी ओळखतो. तोवर लोखंडी चालवतो. मापं घ्या."

"आत्ता? अकरा वर्षं आधी?"

"अर्जात मापांची जागा रिकामी ठेवता येत नाही ना? घ्या मग."

लेल्यांनी टेप काढली. उंची, पायांची लांबी, हातांची लांबी. बाई भिंतीला पाठ लावून ताठ उभ्या राहिल्या. मग ते काचेपाशी गेले आणि शेवटच्या रकान्याशी अडखळले.

"हँडल सीटपेक्षा किती खाली ठेवायचं? चौऱ्याहत्तराव्या वर्षाच्या हिशेबानं यंत्र म्हणतंय, वरच ठेवा. पाठ ताठ राहील. मानेला, कंबरेला त्रास नाही."

"सहा सेंटिमीटर खाली."

"मॅडम, सहा म्हणजे शर्यतीची बैठक झाली. त्या वयात—"

"आठ म्हणणार होतो," पद्मश्रीबाई बाटली उचलत म्हणाल्या. "तुम्ही घाबराल म्हणून सहा म्हटलं. आठ लिहा."

लेल्यांनी आठ लिहिलं.