भरणतेल

चाचणी-मार्गाच्या उतरत्या वळणावर मृण्मयी दाभाडेने ॲक्सिलरेटरवरचा पाय जरासा सैल केला, तशी मागच्या चाकांनी असा हिसका दिला की गाडी उलटणार असेच तिला वाटले. तिने घाबरून पाय पुन्हा दाबला. गाडी सरळ झाली. काटा दोनशेच्या पुढे होता.

"डॉक्टर, काहीतरी अडकतंय," ती हेल्मेटमधल्या माईकवर म्हणाली. "क्लचसुद्धा दबत नाहीये."

नियंत्रण-कक्षात डॉ. अन्वर मुजावर होते. 'भरणतेल' ही त्यांचीच निर्मिती. या तेलात धातूचे अतिसूक्ष्म कण तरंगत. घर्षण होईल तिथे ते जाऊन बसत आणि झिजलेली जागा भरून काढत. इंजिन, गिअर, क्लच, सगळीकडे तेच तेल. गाडी कधी झिजणार म्हणून नाही. गिऱ्हाइकांची तक्रार एकच होती. ही स्पोर्ट्स कार तेल पीत होती. धूर नाही, गळती नाही, तरी तेल गायब. ते जाते कुठे हे शोधायलाच चाचणी-चालक मृण्मयी आज गाडीत बसली होती. तिच्या गाडीत मुद्दाम राखीव टाकी लावली होती. कमी झालेले तेल ती आपोआप भरी.

"वेग कमी करू नकोस," मुजावरांचा आवाज बदलला होता. "तेल कुठे जातं ते मला आत्ता उलगडतंय. कणांना आपण काय सांगितलं? घर्षण दिसलं की भरा. पण भरलं की फट कमी होते, फट कमी झाली की घर्षण वाढतं, आणि मग आणखी कण येतात."

"मग थांबणार कधी ते?"

"घर्षण संपेल तेव्हा." ते म्हणाले. "सगळं मिळून एकच गोळा होईल तेव्हा."

"पण गाडी तर धावतेय!"

"थर गरम आहे तोवर मऊ आहे. वेग उतरला की तो थंड होऊन घट्ट बसेल. चाकं जागच्या जागी जखडतील."

"आणि पेट्रोल संपलं की?"

तिने पेट्रोलच्या काट्याकडे पाहिले.

दार हाताच्या अंतरावर होते. काचेपलीकडे मोकळे माळरान गरगरत होते. समोर तेलाचा दिवा लागला, राखीव टाकीने तेल ओतले, दिवा विझला. थोड्या वेळाने पुन्हा लागला, पुन्हा विझला. ती त्याच्याकडे बघत राहिली.

"डॉक्टर, आपणच त्याला चारतोय. टाकी बंद केली तर?"

"इंजिन कोरडं पडेल. धातूवर धातू घासेल."

"म्हणजे झिजेल."

ज्या माणसाने उभी हयात झिजेशी वैर केले, त्याला ते कबूल करायला वेळ लागला. "हो," मुजावर म्हणाले. "झिजेल. मऊ थर सगळ्यात आधी. क्लच मोकळा झाला की पाय काढू नकोस, दाबून धर, म्हणजे इंजिन जखडलं तरी चाकं फिरतील."

तिने टाकीचा खटका बंद केला. या वेळी दिवा विझला नाही. आधी कुरकुर, मग किंचाळल्यासारखा आवाज, जळका वास. डाव्या पायाखालचा क्लच दगडासारखाच होता. ती दातांमध्ये ओठ धरून दाबत राहिली. एकाएकी पाय खाली गेला. पुढच्याच क्षणी इंजिन धाडकन बंद पडले. पण चाके मोकळी होती. ब्रेकवर ब्रेक मारत तिने गाडी कशीबशी उभी केली, दार उघडले आणि गवतावर बसकण मारली.

मुजावर जीप घेऊन आले. तिला पाणी दिले, पण त्यांची नजर कुठेतरी दुसरीकडेच होती.

"विकलेल्या गाड्यांचं काय?" तीच म्हणाली. "तक्रार आली की आपण सगळ्यांना एकच सांगत होतो ना? तेल कमी झालं की भरत जा."

दोघे फोन लावत सुटले. बहुतेक गाड्या घरीच उभ्या होत्या. उभ्या गाडीचा गोळा झाला तरी कुणाला इजा नव्हती. मग पोंक्षे नावाच्या गिऱ्हाइकाने फोन उचलला. मागे वाऱ्याचा घोंगाट होता.

"बरं झालं फोन केलात. गाडी मघापासून हिसके देतेय."

"तेल कधी भरलंत?" मृण्मयीने विचारले.

"आत्ताच की. तुमच्याच माणसानं सांगितलं होतं. काठोकाठ भरलंय."

त्याच्या गाडीला राखीव टाकी नव्हती. बंद करायला खटका नव्हता. तेल संपेपर्यंत पळत राहणे, एवढेच त्याच्या हाती होते.

"पोंक्षेसाहेब, नीट ऐका," मृण्मयी उठून उभी राहिली. "पाय अजिबात सैल करू नका. पुढे रस्ता मोकळा आहे ना?"

"छे हो," तो म्हणाला. "पुढे टोलनाका आहे."