दात लावलेला गुब्बूमामा

या, जरा जवळ सरका. दाराशी बसलात ते पुढे या, जागा आहे. आज एक गोष्ट ऐकवायची आहे. प्रेमाची आहे, पण तिच्यात एक भूत आहे, आणि भुताहून मोठा एक संशय आहे. देव माणसाच्या दारी प्रेम पाठवतो खरा; पण आतून संशयाची कडी असली, तर देवालाही पायरीवर ताटकळत बसावं लागतं.

तर, एक मुलगी होती. टीव्हीच्या एका जुन्या स्टुडिओत बाहुल्या दुरुस्त करायची. बोटांत कसब, जिभेला धार. सगळे तिला ‘सुई’ म्हणत. कामावरून म्हणत की बोलण्यावरून, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

एका सकाळी ती आपल्या खोलीत शिरली, तर एक अनोळखी तरुण तिच्या कपाटाला कान लावून उभा! डोळे मिटलेले, हातात केसाळ माइक.

“कपाटाला ताप आलाय का?” तिने विचारलं.

त्याने ओठांवर बोट ठेवलं. “श्श... याची बिजागरी कण्हते. काय सुरेख कण्हते! जरा उघडता?”

“किल्ली माझ्याकडे आहे, आणि माझ्याकडेच राहणार आहे. कोण तुम्ही?”

“आवाज गोळा करतो. स्टुडिओत मला कानसेन म्हणतात. त्या नव्या भुताच्या सिनेमासाठी—”

झालं! सुईच्या कपाळाला आठी पडली ती पडलीच.

त्या कपाटात गुब्बूमामा होता. तपकिरी लोकरीचं गोलमटोल अस्वल. वीस वर्षं, रोज संध्याकाळी, तो टीव्हीवर यायचा, “गुब्बूमामा म्हणतो...” असं म्हणून एक शहाणपणाची गोष्ट सांगायचा आणि पोट हलवून हसायचा. ते हसू ऐकल्याशिवाय मुलं जेवायला बसत नसत. त्या अस्वलातला हात आणि तो आवाज सुईच्या बाबांचा. दोन वर्षांपूर्वी बाबांना झटका आला, उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. त्या दिवशी सुईने अस्वल कपाटात ठेवून कुलूप लावलं.

आणि आता कंपनी त्याच गुब्बूमामाचं भूत करून सिनेमा काढत होती. हक्क कंपनीचे, तिथे सुईचं काही चालत नव्हतं. पण हसण्याच्या जुन्या फिती खराब झाल्या होत्या. एकच धड उरलेली, ती सुईकडे. ‘ज्या हसण्यावर मुलं जेवली, त्याच हसण्याने त्यांना घाबरवायचं? माझ्या जिवात जीव आहे तोवर नाही,’ असं तिने ठरवलं होतं.

“हसू मागायला पाठवलंय ना तुम्हाला?” तिने विचारलं.

“नाही हो. बिजागरीपुरता आलोय.”

“चोरही आधी बिजागरीच बघतो.”

तो हसला. गालावर खळी पडली. सुईने ती पाहिली, आणि खळीचाही तिला संशय आला.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा हजर. म्हणे, कापडातून सुई जाते तो आवाज हवाय. तिसऱ्या दिवशी कात्रीचा. चौथ्या दिवशी दोरा दाताने तोडण्याचा.

“भूत शिवणकाम करणार आहे का तुमच्या सिनेमात?”

“भुतालाही फावल्या वेळी काहीतरी लागतंच की... जरा परत तोडा ना दोरा. नको, तसा रागाने नको. मघासारखा.”

“मघासारखा म्हणजे?”

“म्हणजे... मी बघत नाहीये असं समजून.”

तिच्या हातातली सुई भलतीकडेच गेली. बोटावर रक्ताचा ठिपका आला. त्याने खिशातून रुमाल काढला—धुतलेला, घडीचा. ‘रुमालही तयारच ठेवलाय!’ तिचं मन पुटपुटलं. तरी तिने बोट पुढे केलं. खिडकीवर पावसाची सर तडतडत होती, आणि एरवी टाचणी पडली तरी टिपून घेणाऱ्या त्या माणसाने माइक चक्क बंद ठेवला होता.

असे दहा-बारा दिवस गेले. सुई आता वेणी नीट घालू लागली. आणि मग मात्र तो दुपारी लवकर निघू लागला. कुठे जाता म्हटलं, की म्हणे, “एक काम आहे.” चेहऱ्यावर मांजराने दूध प्यायल्याचा भाव. एकदा तिला त्याच्या बाहीवर काहीतरी दिसलं. जवळून पाहिलं, तर तपकिरी लोकरीची कुसं.

ती धावत कपाटाशी गेली. गुब्बूमामा जागेवर होता. मग ही लोकर कुठली?

त्या दुपारी ती न सांगता घरी गेली. दार लोटलं आणि उंबऱ्यातच थिजली. पलंगावर बाबा उशीला टेकून बसलेले. डाव्या हातात सिनेमासाठी बनवलेली अस्वलाची नक्कल—लाल डोळे, जबड्यात वाकडे सुळे. आणि समोर कानसेन, बाबांच्या ओठांशी माइक धरून!

“अच्छा! फीत मिळेना, म्हणून आजारी माणसाच्या तोंडून हसू काढायला आलात!”

“अहो, आधी ऐका तरी—”

“दोन आठवडे ऐकतेच आहे. ते यंत्र इथे ठेवा आणि चालू लागा.”

त्याने बाबांकडे पाहिलं. बाबांनी मान हलवली. त्याने यंत्र टेबलावर ठेवलं, वर हेडफोन ठेवला आणि निमूट निघून गेला. बाबा तोंडाने नुसते “आं... आं...” करत राहिले.

सुईने हेडफोन कानाला लावला. म्हटलं, पुरावा तर हातात येईल. पहिल्या दिवसाच्या फितीत नुसता घशाचा घरघराट. दुसऱ्या दिवशी, “गु... गु...” मग कानसेनचा आवाज, “घाई नको, बाबा. दातवाला पुन्हा हातात घाला.” पाचव्या दिवशी, “गुब्बूमामा म्हणतो...” आणि त्या दोन शब्दांमागून, इतकी वर्षं लागलेली सवय वाट दाखवत गेली आणि अख्खं वाक्य बाहेर आलं!

“गुब्बूमामा म्हणतो, वीस वर्षं शहाणा राहून कंटाळलो. आता भूत होऊ द्या!”

“मग लेकीला सांगू या की.”

“गुब्बूमामा म्हणतो, नको. अस्वलाशिवाय एक वाक्य जमू दे. मग.”

“ती माझ्यावर संशय घेते हो, बाबा.”

“गुब्बूमामा म्हणतो, घेऊ दे. आमटीत मीठ कमी पडलं तरी ती शेजाऱ्यावर संशय घेते.”

आणि मग ते हसू... पोट हलवणारं. सुई हसली की रडली, तिचं तिलाच कळलं नाही. बाबांचा आवाज सांभाळायचा म्हणून तिने कपाटाला कुलूप लावलं होतं, आणि आवाज अडला होता तो त्याच कुलपाने. अस्वल हातात दिलं असतं, तर वाचेची वाट दोन वर्षांपूर्वीच सापडती! ती पलंगाशी गेली आणि बाबांच्या मांडीवर डोकं ठेवून बसली. बाबांनी हातातलं अस्वल बाजूला काढलं. बराच वेळ ओठ हलत राहिले.

“पोरी... त्याला... बोलाव.”

दुसऱ्या दिवशी कानसेन स्टुडिओत ओलं फडकं फरशीवर आपटून भुताची पावलं करत होता. सुई दारात उभी राहिली.

“एकच विचारते. सिनेमात सुईचा आवाज कितीदा आहे?”

“...एकदाही नाही.”

“कात्रीचा?”

“नाही.”

“म्हणजे मला फसवत होता!”

“तेवढंच एक. बाबांकडे पहिल्यांदा गेलो, तो नक्कल बरोबर झालीय का हे विचारायला. पण तुझ्याकडे... दुसऱ्या दिवसापासून तुझ्याचकडे येत होतो.” ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं, त्यालाही कळलं नसावं. तिच्या मात्र बरोबर ध्यानात आलं.

“खरं कशावरून?”

“नसेल विश्वास, तर रोज तपासत जा.”

“जाईन. जन्मभर तपासायची सवय आहे मला, आधीच सांगते,” ती म्हणाली आणि त्याच्या हातातलं ओलं फडकं काढून घेतलं. “आणि ते सुळे किती वाकडे बसवलेत! आणा इकडे, मी शिवून देते. माझे बाबा भूत होणार, तर नीटनेटकं भूत होतील.”

सिनेमात ते हसू बाबांनी स्वतः केलं, आणि थेटरात मोठमोठे बाप्ये खुर्चीचे हात घट्ट धरून ओरडले. पुढच्या वर्षी बाबा देवाघरी गेले. पण जाण्याआधी जावयाशी सकाळ-संध्याकाळ, अस्वलाशिवाय, मनसोक्त भांडून गेले.

एवढीच गोष्ट. आता उठाल, आपापल्या घरी जाल. कुणाच्या घरात एखादं माणूस मुकं होऊन कोपऱ्यात बसलं असेल, तर त्याच्याजवळ घटकाभर बसा, आणि त्या वेळी गोष्ट सांगणाऱ्या या म्हाताऱ्याची तेवढी आठवण ठेवा.