टाकीवरची वीज

"घावली! मॅडम, घावली!" सिद्धू ओरडला आणि बुद्धघोषने आनंदाने बाक बडवला.

बाभूळवस्तीच्या शाळेच्या वरच्या वर्गात, बंद खिडकीच्या काचेमागे मनिषा मॅडमचा कॅमेरा होता. आकाशातली वीज कशी पडते याचा अभ्यास करायला त्या पुण्याहून आल्या होत्या. त्यांचा कॅमेरा एका सेकंदात हजारो चित्रं काढायचा. सुट्टी लागल्यापासून करुणा, तिचा धाकटा भाऊ बुद्धघोष आणि त्यांचा मित्र सिद्धू तिथेच असायचे. ढग भरून आले की आत यायचं आणि खिडकीपासून लांब बसायचं, हा मॅडमचा नियम होता.

त्या दुपारी वीज अगदी वस्तीत पडली होती. तिघांनी टाळ्या वाजवल्या. करुणाने सगळ्यात जोरात.

पाऊस थांबल्यावर सिद्धूचे वडील, भिमाअण्णा, चिखलातून पळत आले. त्यांनी आधी बुद्धघोषला जवळ घेतलं.

"करुणा, घरी चल. तुझी काकी गेली, बाळा. पाण्याच्या टाकीखाली व्हती. वीज पडली."

ज्या विजेला करुणाने टाळ्या वाजवल्या होत्या, ती हीच.

प्रियदर्शनी काकी शिवणकाम करायची. कळंबच्या बाजारातून दोरे घेऊन ती परत येत होती. नानांना, म्हणजे काकांना, आणि तिला मूल नव्हतं, म्हणून करुणा आणि बुद्धघोष दोघांचं जेवण निम्मं तिच्याकडेच व्हायचं. आता तिच्या चुलीपाशी नाना एकटे बसून असायचे.

वस्तीत सगळे एकच बोलत होते. "विजा चमकताना नानानं तिला फोन लावला. फोननं वीज वढून घेतली."

नानांनी ते ऐकलं. त्यांनी स्वतःचा फोन ज्वारीच्या डब्यात टाकला आणि झाकण लावलं. ते कुणाशी बोलेनात. ताट समोर ठेवलं तर तसंच राहायचं.

"ताई, नाना पण मरतील का गं?" बुद्धघोषने विचारलं.

करुणा उठून शाळेत गेली. बुद्धघोष आणि सिद्धू तिच्यामागून गेले.

"मॅडम, फोनमुळे वीज पडते का?"

"नाही. मोबाइल वीज ओढत नाही."

"मग आम्हाला ती वीज दाखवा."

मॅडमनी संगणक लावला आणि पडद्याचा खालचा भाग हाताने झाकला. का झाकला, ते तिघांनाही कळलं.

"बघा. वीज एकदम पडत नाही. ढगातून थांबत थांबत, फांद्या फोडत खाली येते. आपल्या डोळ्यांना हे दिसत नाही, पण कॅमेऱ्याला दिसतं. आता टाकीकडे बघा."

टाकीवर लोखंडी दांडा होता. त्याच्या टोकातून एक बारीक उजेडाची रेघ वर निघाली. वरची फांदी आणि ती रेघ एकमेकींना भेटली. पुढच्या चित्रात सगळा पडदा पांढरा झाला.

"म्हंजे वीज दांड्यावरच पडली!" सिद्धू म्हणाला. "दांडा त्याच्यासाठीच असतो की!"

"हो. दांड्यापासून पट्टी खाली जमिनीत गेलेली असते. वीज तिच्यातून जमिनीत जाते."

"मग काकीला कशी लागली?" करुणाने विचारलं.

मॅडमना घेऊनच तिघं टाकीकडे पळाले.

टाकीवरून लोखंडी पट्टी खाली आली होती. पण ती जमिनीत गेलीच नव्हती! सिद्धूच्या डोक्याच्या वर ती संपली होती. टोक नुकतं कापलेलं, चकचकीत होतं. खाली मातीत कशाचे तरी पाय रोवल्याचे चार खड्डे होते.

"हितं काय व्हतं रे?" बुद्धघोषने विचारलं.

"तात्याबाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स!" सिद्धूने कपाळावर हात मारला. "मोटारसायकलवर बसून गॉगल लावलेला! काकी गेली त्याच्या दुसऱ्याच दिवशी काढलाय. आपल्याकडं चिंध्या होईपातूर कोण फ्लेक्स काढतंय का?"

"त्या फ्लेक्सची चौकट शोधायला पाहिजे, कापलेला तुकडा तिथंच असणार," करुणा म्हणाली. "आणि मागितली तर तो देणार नाही."

"देतोय बघ. तू फक्त रडू नगंस."

वस्तीतले पुढारी तात्याबा गोठ्यापुढे खुर्ची टाकून बसले होते. सिद्धूने तोंड अगदी गरीब केलं.

"तात्याबा, काकीचं पुण्यानुमोदन हाय. श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावायचाय. तुमची चौकट मिळंल का?"

"न्हाय. मोडलीय ती."

"बरं. मग संभाजीरावांची आणतो. त्यांनी सांगितलंय, खाली शोकाकुल म्हणून माझाच फोटो टाका, मोठा."

संभाजीराव म्हणजे पुढारकीतले त्यांचे जुने प्रतिस्पर्धी. तात्याबांची मान वर झाली. "संभाजीचा? त्याचा काय संबंध?"

"चौकट ज्याची, फोटो त्याचा."

"थांब! कडब्यामागं हाय. जाऊन घ्या. आन् फोटो गॉगल घातलेला टाका."

कडबा बाजूला केला. चौकटीच्या वरच्या कोपऱ्यात पट्टीचा एक तुकडा गुंडाळलेला होता. चौकटीचा एक पाय जळून काळा पडला होता.

सिद्धू हसला नाही. करुणा तिथेच खाली बसली.

काकीच्या आठवणीतल्या पुण्यानुमोदनाच्या विधीला सगळी वस्ती जमली. बुद्धवंदना झाल्यावर पोरांनी ती रिकामी चौकट पुढे आणली. मॅडमनी टाकीची पट्टी आणि हा तुकडा यांची टोकं कशी जुळतात, ते फोटोत दाखवलं. पट्टी तोडून चौकटीला गुंडाळली होती. कापलेल्या टोकातून वीज त्या चौकटीत उतरली होती आणि काकी तिच्या आडोशाला उभी होती.

तात्याबा उभे राहिले. "मला काय ठावं, पट्टी कशासाठी असती? फ्लेक्सला आडवी येत व्हती. कापली, आन् वरचा कोपरा हलू नये म्हणून तिनंच बांधला." त्यांनी चौकटीच्या काळ्या पायाकडे बघितलं. "नंतर समजलं. भ्यालो मी."

मग संभाजीरावांनी पोरांच्या पाठीवर हात ठेवला. "आमी मोठी माणसं फोन फोन करत बसलो. पोरांनो, तुमी डोळं उघडलं आमचं."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. करुणाने हात घट्ट मिटून घेतले.

संध्याकाळी ती नानांपाशी बसली. नाना स्वतःहून बोलले.

"फोन कशाला केला व्हता, ठावं हाय का? झाडाखाली जाऊ नगं, टाकीपाशी थांब, तितं दांडा हाय, एवढंच सांगितलं. तिनं ऐकलं माझं."

"नाना, पट्टी असती तर वीज जमिनीत गेली असती. ती तुम्ही कापली नव्हती."

नाना रडले. काकी गेल्यापासून पहिल्यांदाच. मग त्यांनी करुणाने आणलेल्या भाकरीतली अर्धी खाल्ली आणि अर्धी तिला दिली.

याला आता बरेच दिवस झाले. मॅडम पुण्याला गेल्या. शाळेत पोरांचा सत्कार झाला. पश्चिमेकडे रोज ढग येतात. नाना बाहेर येऊन टाकीकडे बघतात.

टाकीची पट्टी अजून जोडलेली नाही.